जागा सरकारची, बांधकाम बिल्डरचं: धारावीच्या व्यवहारावर लोकांचा विश्वास का बसत नाही?

धारावीचा पुनर्विकास हा विषय मुंबईचा असला तरी त्याची चर्चा गावागावात होते. कुणाचा भाऊ तिथं भाड्याच्या खोलीत राहतो, कुणाच्या मेहुण्याचं शिलाईचं युनिट तिथं आहे, कुणी वीस वर्षांपूर्वी पोटमाळ्यावर जागा घेऊन ठेवली आहे. फोनवर पहिला प्रश्न येतो तो हाच, 'आपलं घर राहणार का जाणार?' दुसरा प्रश्न असतो, 'सगळी जमीन अदानीला दिली म्हणतात, खरं काय?'

व्हॉट्सअॅपवर याची दोन टोकाची उत्तरं फिरतात. एक म्हणतं, मुंबई विकली. दुसरं म्हणतं, जमिनीचा एक इंचही दिलेला नाही, उगाच राजकारण चाललंय. या दोन्हीमध्ये थोडं थोडं सुटतं. व्यवहार नेमका कसा आहे हे समजून घेतलं तर लोकांच्या शंकेचं मूळ कुठं आहे ते कळतं. आणि तीच शंका उद्या आपल्या तालुक्याच्या एसटी स्टँडबद्दल किंवा नगरपालिकेच्या बाजाराच्या जागेबद्दल येऊ शकते.

जमीन नेमकी कुणाची?

धारावीचा पसारा सुमारे ६०० एकरांचा. त्यातला मोठा भाग मुंबई महापालिकेच्या मालकीचा आहे. बाकी रेल्वे, राज्य सरकार आणि थोडी खासगी. म्हणजे लोक तिथं पिढ्यानपिढ्या राहत असले तरी कागदावर ती जमीन बहुतांश सार्वजनिक आहे. गावाकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर सरकारचं नाव आणि कसणारा वेगळा, असा प्रकार.

पुनर्विकासाची योजना नवी नाही. सरकारने २००४ मध्येच ती मंजूर केली होती. त्यानंतर निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. एकदा तर कुणी बोलीच लावली नाही. २०१८ च्या शेवटी निघालेल्या निविदेत दुबईशी संबंधित सेकलिंक या कंपनीने ७,२०० कोटींची सर्वात मोठी बोली लावली. अदानी समूह त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर होता, बोली सुमारे साडेचार हजार कोटींची. पण काम सुरू झालंच नाही. रेल्वेची सुमारे ४५ एकर जागा नंतर प्रकल्पात घ्यायची ठरली, त्यामुळे अटी बदलतात, असं कारण देऊन २०२० मध्ये ती निविदा रद्द झाली.

२०२२ मध्ये नव्या अटींसह पुन्हा निविदा निघाली. नोव्हेंबरमध्ये बोल्या उघडल्या तेव्हा अदानींची ५,०६९ कोटींची आणि डीएलएफची २,०२५ कोटींची बोली होती. जुलै २०२३ मध्ये सरकारने अदानींना काम देण्याचा आदेश काढला.

इथंच पहिली ठिणगी पडली. आधी ७,२०० कोटी मिळत होते, ते सोडून ५,०६९ कोटी का घेतले, हा प्रश्न कुणालाही पडेल. बैलबाजारातसुद्धा जास्त बोलीवाल्याला परत पाठवून नंतर कमी पैशात जनावर दिलं तर लोक विचारणारच. सरकारचं उत्तर असं की दोन्ही निविदांच्या अटी वेगळ्या आहेत, नव्या निविदेत बिल्डरवर जास्त जबाबदाऱ्या आहेत, त्यामुळे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. सेकलिंक मुंबई उच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तिची याचिका फेटाळली. कंपनी पुढं सर्वोच्च न्यायालयात गेली, आपली बोली वाढवायची तयारीही दाखवली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोटिसा काढल्या, पण कामाला स्थगिती दिली नाही.

बोलीचा आकडा म्हणजे जमिनीची किंमत नव्हे

या सगळ्या भांडणात एक मोठी गफलत होते. ५,०६९ कोटी ही जमिनीची किंमत आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती प्रकल्पात सुरुवातीला गुंतवायची रक्कम आहे. प्रकल्पासाठी एक स्वतंत्र कंपनी केली, तिचं आताचं नाव नवभारत मेगा डेव्हलपर्स. तिच्यात ८० टक्के हिस्सा अदानींचा आणि २० टक्के राज्य सरकारचा.

जमीन अदानींच्या नावावर होत नाही, ती सरकारच्या धारावी पुनर्विकास प्राधिकरणाकडं जाते, कंपनी फक्त बांधून देते, असं सरकार आणि कंपनी दोघंही सांगतात. कागदाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, खोटी नाही. पण शंका घेणाऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. शहरात जमिनीची खरी किंमत मालकीच्या नावात कमी आणि तिच्यावर किती बांधता येतं यात जास्त असते.

हे शेतीच्या मापात सांगितलं तर लवकर कळतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. तिथं चटईक्षेत्र म्हणजे एफएसआय १ असेल तर तेवढंच बांधकाम करता येतं. एफएसआय ४ दिला की त्याच गुंठ्यावर ४,३५६ चौरस फूट बांधता येतं. जमीन एक फूटही वाढली नाही, पण किंमत कुठल्या कुठं गेली. आता समजा त्या जागेवर परवानगी आहे तेवढं सगळं बांधणं शक्यच नाही. मग उरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या ठिकाणच्या बिल्डरला विकता येतो. यालाच टीडीआर म्हणतात. म्हणजे विहिरीचं पाणी आपल्या रानात मावलं नाही तर शेजारच्याला विकण्यासारखं, फक्त इथं पाण्याऐवजी हवेतले मजले विकले जातात.

सरकारने २०२३ च्या शेवटी असा नियम पुढं आणला की मुंबईतल्या इतर बिल्डरांनी आपल्याला लागणाऱ्या टीडीआरपैकी ४० टक्के आधी धारावीतून घ्यावा. त्यावर विरोधकांनी मोठं रान उठवलं. त्याच वर्षी १६ डिसेंबरला उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली धारावीतून बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अदानींच्या कार्यालयावर मोर्चा गेला. सरकारची बाजू अशी की धारावीत लाखो लोकांना फुकट घरं द्यायची तर पैसा कुठून तरी उभा राहिलाच पाहिजे, टीडीआर हा त्याचाच मार्ग आहे, आणि ही तरतूद निविदेच्या अटींना धरूनच आहे.

दोन्ही बाजू आपापल्या जागी. पण सामान्य माणसाला पडणारा प्रश्न साधा आहे: या टीडीआरचे एकूण किती पैसे होणार? बोलीचा आकडा पेपरात ठळक छापून आला. टीडीआरचा, सवलतींचा, विक्रीच्या इमारतींचा हिशेब तितक्या सोप्या भाषेत एका पानावर लोकांसमोर आला नाही. देण्याचा आकडा दिसतो, घेण्याचा दिसत नाही. अशा वेळी 'पाणी कुठं तरी मुरतंय' असं लोक म्हणतात, त्यात त्यांची चूक काय?

धारावीबाहेरची जमीन

शंका आणखी वाढली ती धारावीबाहेरच्या जागांमुळे. सगळ्यांना धारावीतच घर मिळणार नाही. नियम असा आहे की १ जानेवारी २००० पूर्वीपासून तळमजल्यावर राहणाऱ्याला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मोफत. २००० नंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना धारावीबाहेर ३०० चौरस फुटांचं घर, अडीच लाख रुपये भरून. त्यानंतर १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतचे रहिवासी आणि वरच्या मजल्यांवर राहणारे यांना धारावीबाहेर भाडे-खरेदी पद्धतीने घर, म्हणजे भाडं भरत राहायचं आणि पुढं ते विकत घ्यायचं.

गावाकडून गेलेल्या पोरांना यातली शेवटची ओळ लागू पडण्याची शक्यता जास्त. खाली मूळ मालक, वर माळ्यावर आपला माणूस, अशी तिथली रीत. त्यामुळे ज्यांचे नातेवाईक तिथं आहेत त्यांनी आधी हे विचारावं की तो तळमजल्यावर आहे का माळ्यावर, आणि कोणत्या सालापासूनचा पुरावा हातात आहे. लाइटबिल, मतदार यादीतलं नाव, रेशनकार्ड यावरच पुढचं सगळं अवलंबून राहणार आहे.

तर या बाहेर जाणाऱ्या लोकांसाठी सरकारने मुंबईतल्या इतर सार्वजनिक जमिनी शोधल्या. कुर्ल्यातली मदर डेअरीची साडेआठ हेक्टर, म्हणजे २१ एकर. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड भागातली मिठागरांची सुमारे २५६ एकर, जी केंद्र सरकारची आहे आणि ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घ्यायची आहे. देवनारच्या कचरा डेपोची १२४ एकर. एवढीच बेरीज केली तरी ४०० एकर होते.

कुर्ल्यात लोक रस्त्यावर आले. त्यांचं म्हणणं, या दाटीच्या भागात मोकळी, झाडांची जागा हीच उरली आहे, तिथं सार्वजनिक बाग करा. मुलुंडकरांनी विचारलं, आधीच पाणी, रस्ते, लोकल यांच्यावर ताण आहे, आणखी हजारो कुटुंबं आली तर काय? मिठागरांबद्दल पर्यावरणवाल्यांची हरकत अशी की भरतीचं आणि पावसाचं पाणी ती जिरवतात. देवनारचा मुद्दा तर कुणालाही समजेल असा आहे. तिथं वर्षानुवर्षांचा कचरा साठलेला. तो काढून डेपो साफ करण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा काढली. म्हणजे साफसफाईचा खर्च पालिकेचा, आणि साफ झालेल्या जागेचा मोठा तुकडा खासगी भागीदार असलेल्या प्रकल्पाला. पालिका म्हणते, कचरा हटवणं तिचं कायदेशीर कर्तव्य आहे, ते तसंही करायचंच होतं. खरं आहे. पण ते कर्तव्य इतकी वर्षं कुणाला आठवलं नव्हतं, हेही लोकांच्या लक्षात राहतं.

आणखी एक शंका धंद्याची. धारावी म्हणजे नुसती झोपडपट्टी नव्हे, तिथं चामड्याचं काम चालतं, कपडे शिवले जातात, भंगार निवडलं जातं, पापड लाटले जातात. कुंभारवाड्यात आजही मडकी घडतात. कुंभाराला चाक, मातीचा ढीग, सुकवायला ऊन आणि भट्टीला मोकळी जागा लागते. त्याला दहाव्या मजल्यावर चकाचक घर दिलं तर राहायची सोय होईल, पोटाचं काय? प्रदूषण न करणारे उद्योग तिथंच ठेवू असं आश्वासन आहे. भट्टीचा धूर त्यात कुठं बसतो, हे कुंभारांना अजून कळायचंय.

कोर्ट काय म्हणतं?

सार्वजनिक जागा कुणाला द्यायची हे सरकार किंवा पालिका मनाला येईल तसं ठरवू शकत नाही. याचं सर्वात गाजलेलं उदाहरण लखनौचं आहे. तिथल्या अमीनाबाद या गजबजलेल्या बाजारात झंडेवाला पार्क नावाची जुनी बाग. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभा तिथं झालेल्या. १९९३ मध्ये लखनौ महापालिकेने एका बिल्डरशी करार केला की बागेच्या खाली त्याने भुयारी बाजार बांधावा. निविदा मागवल्याच नाहीत. पालिकेला त्यातून नेमकं काय मिळणार याचाही धड हिशेब नव्हता.

प्रकरण कोर्टात गेलं. उच्च न्यायालयाने करार रद्द केला. बिल्डर सर्वोच्च न्यायालयात गेला. तोवर दुकानांचं बांधकाम उभं राहिलं होतं. 'आता एवढा पैसा लागलाय, राहू द्या' असं सांगून अशा वेळी सुटका होते, हा आपल्याकडचा अनुभव. पण २६ जुलै १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं नाही. बहुतेक बांधकाम पाडा आणि तिथं बाग पूर्वीसारखी करा, उरलेल्या भागात पार्किंग करा, असा आदेश दिला. बाग पालिकेच्या ताब्यात असली तरी ती लोकांची आहे, पालिका फक्त विश्वस्त आहे, हे त्या निकालाचं सूत्र.

२०११ मध्ये भोपाळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालय आणखी स्पष्ट बोललं. सरकारने एका ट्रस्टला २० एकर जमीन दिली होती, इतर कुणाला संधी न देता. न्यायालयाने ती रद्द केली. सार्वजनिक मालमत्ता द्यायची असेल तर जाहीर सूचना द्यावी लागेल आणि पात्र असलेल्या सगळ्यांना अर्ज करायची संधी द्यावी लागेल, असं सांगितलं.

धारावीत निविदा निघाली, बोल्या लागल्या, त्यामुळे लखनौसारखी ती गोष्ट नाही. उच्च न्यायालयात सरकारची बाजू टिकली ती त्यामुळेच. पण निविदा निघाली म्हणजे सगळ्या शंका फिटल्या असंही होत नाही. निविदेनंतर मिळत गेलेल्या जमिनी आणि सवलतींबद्दलची चर्चा वेगळी आहे आणि ती चालूच राहणार.

आपल्या तालुक्यात हे कुठं येतं?

एसटी महामंडळाकडं जवळपास प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मोक्याची जागा आहे. महामंडळ तोट्यात, स्टँडची छपरं गळकी, स्वच्छतागृहांची दशा सांगायला नको. म्हणून जागा खासगी विकासकाला द्यायची, त्याने नवं स्टँड बांधून द्यायचं आणि उरलेल्या जागेत गाळे, हॉटेल, कार्यालयं काढून कमवायचं, अशी योजना आहे. भाडेपट्ट्याची मुदत पूर्वी ६० वर्षं होती. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती ९८ वर्षं, म्हणजे ४९ अधिक ४९, करायला मंजुरी दिली. आज जन्मलेल्या पोराचा नातू मोठा होईल तेव्हा ती जागा परत येईल.

मुदत वाढली की आकडा कसा फसवा होतो ते बघा. समजा कुठल्या तरी गावात विकासक पालिकेला एकरकमी एक कोटी देतो आणि जागा ६० वर्षांसाठी घेतो. कोटी म्हटलं की सभागृहात बाकं वाजतात. ६० वर्षं म्हणजे ७२० महिने. भागाकार केला तर महिन्याला चौदा हजार रुपयेसुद्धा पडत नाहीत. आता कुणी म्हणेल, कोटी आज हातात आले, त्याचं व्याज धरा. बरोबर आहे, धरलंच पाहिजे. पण ते पैसे ठेवीत न जाता त्याच वर्षीच्या रस्ते-गटारात संपले तर व्याज कुठून येणार? म्हणून एकरकमी आकड्यासोबत दर वर्षीचं भाडं किती, ते किती वर्षांनी किती टक्क्यांनी वाढणार, हे करारात असणं जास्त महत्त्वाचं.

नगरपालिकांच्या बाबतीत कायदा बराच कडक आहे, पण त्याची माहिती फार थोड्यांना असते. महाराष्ट्र नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यातलं कलम ९२ सांगतं की राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय नगरपालिकेला आपली स्थावर मालमत्ता कुणाला देता येत नाही. तसा प्रस्ताव पाठवायचा तर एकूण नगरसेवकांच्या दोन तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण नगरसेवकांच्या. सरकारला न विचारता जास्तीत जास्त तीन वर्षं भाड्याने देता येतं, आणि त्या जागेवर भाडेकरूला पक्कं बांधकाम करता येत नाही. मुदत वाढवत नेली तरी एकूण नऊ वर्षांच्या पुढं जात नाही. मुंबई सोडून राज्यातल्या इतर महापालिकांसाठी कलम ७९ आहे. मालमत्ता विकताना किंवा भाड्याने देताना मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, असं त्यात म्हटलं आहे.

त्यामुळे बाजाराच्या जागेवर कॉम्प्लेक्स होणार अशी कुणकुण लागली की आधी बघायचा तो सर्वसाधारण सभेचा ठराव. विषयपत्रिकेत हा विषय होता का, का 'ऐनवेळचे विषय' म्हणून घुसवला? मतदान झालं तर बाजूने किती? जागेचं प्रॉपर्टी कार्ड कुणाच्या नावावर आहे आणि विकास आराखड्यात त्यावर कसलं आरक्षण आहे? रेडीरेकनरचा दर ऑनलाइन बघता येतो, त्याच्याशी ठरलेला भाव ताडून बघता येतो. आठवडी बाजारात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना नव्या इमारतीत ओटे मिळणार का, हेही करारातच लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनावर ओटा मिळत नाही.

हे कागद माहिती अधिकारात मागता येतात. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना तेही नाहीत. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून ठराव, निविदा आणि करारनामा वेगवेगळ्या अर्जांत मागितलेले बरे. 'सगळी माहिती द्या' असं लिहिलं की अर्ज परत येतो. 'अमुक सर्व्हे नंबरच्या जागेच्या करारनाम्याची सर्व पानांसह प्रत' असं नेमकं लिहावं. उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयात पहिलं अपील करता येतं.